अकरा सेकंद

आंब्रोज म्हणतो, इथं काप.
मडगावातल्या त्याच्या खोलीत पंखा घरघरतोय,
खालून पोदेर भोंगा वाजवत गेला,
म्हणजे उजाडलं,
आणि आम्ही अजून शेवंतू वेळीपच्या गप्प बसण्यापाशीच.

मी विचारलं होतं, काय काय गेलं?
असले प्रश्न विचारते मी. शहाण्यासारखे.
ती पायरीवर. मांडीवर सूप, सुपात नाचणी,
नाचणीवर खाणीची तांबडी धूळ.
पाखडलं नाही तिनं. बोललीही नाही.
चौथ्या सेकंदाला एक ट्रक जातो,
सातव्याला त्याच्या मागचा,
नवव्याला एक कोंबडी चौकटीत येते
आणि काही न सुचून परत फिरते.
मग शेवंतू म्हणते, "च्या घेता मगो?"

त्याआधी मी ओढणीनं लेन्स पुसत होते
तेव्हा हसली होती.
"पुसतेस कशाला? तीच दाखवायला आलीस ना?"
सगळा वाडा हसला.
मीही हसले, जरा उशिरानं.

वकीलबाईंना तारीख हवी, वेळ हवी, ट्रकांचे नंबर हवेत.
सुंदर नको, म्हणाल्या, स्पष्ट दे.
माझ्याकडं नंबर होते कुठं?
पाट्या मी मुद्दाम धूसर ठेवल्या होत्या,
संध्याकाळच्या उन्हात झेंडूसारख्या दिसाव्यात म्हणून.
त्या तांबड्या धूसरावर
पणजीत टाळ्या पडल्या होत्या.

गेल्या रविवारी कच्चा फिल्म घेऊन सांग्याला गेले.
दोन माडींच्या मध्ये चादर ताणली,
जनरेटर बारवाल्यानं दिला, पेट्रोल माझं.
ते अकरा सेकंद आले
आणि शेवंतूकडं कुणी बघेचना.
मागून झिलो गांवकार ओरडला, "राव! फाटीं व्हर."
मागं नेलं. पुन्हा, म्हणाला. पुन्हा नेलं.
मग तो उठून चादरीपाशी गेला,
शेवंतूच्या खांद्यामागं बोट टेकवलं:
दगडावर एक काळी, ओली रेघ.
"झर," म्हणाला. "त्या दिसा वाहत होती."

मी ती पाहिली नव्हती.
मी घेतलीच नव्हती. ती आपणहून आली.
झिलो तिथंच उभा राहिला,
आणि आटलेली झर त्याच्या सदऱ्यावरून
पाठभर वाहत राहिली
जनरेटर बंद पडेपर्यंत.

तारीख सापडली वहीत,
दोन चहा आणि बसभाड्याच्या हिशेबाखाली.

आंब्रोज बोट कळीवरून उचलतो.
अकरा ठेवतो.
बाराव्यात माझा आवाज आहे, कॅमेऱ्यामागून:
"हो, घेईन ना. साखर कमी."
तो तरी काप, मी म्हणते.
तो मान हलवतो.
राहू दे. कोर्टात विचारतील,
तेव्हा तिथं आणखी कोण होतं.