वेगळी सिरीज

नेहते मॅडमनी बायोप्सीचा कागद पुढे सरकवला.
यकृतातली गाठ आतड्यातून आलेली नाही,
ती तिची तीच.

पुंजाराम आप्पांनी चष्मा पुसला.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटा तपासल्या त्यांनी,
जुळ्यासारख्या दोन नोटा नंबर बघून
वेगळ्या ठेवल्या.
"म्हणजे सिरीज वेगळी," ते म्हणाले.
मॅडमना हसू आलं,
अर्ध्यात थांबलं.

द्वारकेच्या सिग्नलला रिक्षा अडली.
मी विचारलं, आधी ऑपरेशन कुठल्याचं?
अंगठ्याला थुंकी लावून
ते हवेतच काहीतरी मोजत होते.

बिटको आलं तेव्हा बोलले,
"आतड्याला उगाच शिव्या घातल्या रे
महिनाभर.
हा त्याचा नव्हताच."