खरं

उद्यमबागेत मी कास्टिंग तपासतो.
हातात व्हर्नियर, कानावर पेन्सिल,
पुढ्यात तीन पेट्या: पास, रिजेक्ट,
आणि मधली रीवर्कची, जी कायम भरलेली.
म्हणून पिक्चर सुटल्यावर वैजयंतीनं विचारलं, 'कसा वाटला?'
तर मी म्हणालो, 'चांगला आहे, खरं...'

पुण्याकडचा माणूस इथं फसतो.
त्याला वाटतं, आता सत्य सांगणार.
आमच्याकडं खरं म्हणजे पण.
सगळं बरं बोलून झाल्यावर
दाताखाली राहिलेला खडा.

मागच्या रांगेतले शिवबसाप्पा बायकोला विचारत होते, 'हेंगित्त?'
ती म्हणाली, 'छलो इत्तु, आद्र...'
म्हणजे त्यांच्यातही तेच.

गोष्ट अशी, की तो मंगळावर, खाणीत.
ती पृथ्वीवर, एका खिडकीत.
एक वाक्य पोचायला वीस मिनिटं.
तो विचारतो, 'जेवलीस?'
ते येईपर्यंत तिचं ताट घासून पालथं पडलेलं.
ती ताट सुलटं करते,
मूठभर भात पुन्हा वाढून घेते,
पहिला घास तोंडात, आणि मग बोलते, 'जेवतेय.'
उत्तर खोटं पडू नये म्हणून.

एवढा प्रसंग मी पासच्या पेटीत ठेवला,
कापडात गुंडाळून.

मध्यंतरानंतर मात्र
एकाच साच्यात कुणी बीड ओतलं, कुणी पितळ, वरून अ‍ॅल्युमिनियम.
प्रेम चाललेलं, तर पाण्याच्या टाकीत भूत निघालं.
भुताला पळवायला विनोदी रोबो.
रोबोवर खटला, कोर्ट, काळे कोट,
आणि हवा नाही तिथं इंजिनाचा केवढा आवाज!
नायकानं नट ढिला करायला पाना फिरवला
तो आवळायच्या बाजूनं.
मी खुर्चीत उठून बसलो.
'अहो, गप बघा की,' वैजयंती म्हणाली.

मिसळण्याला माझी ना नाही.
आमच्या गल्लीत एका वाक्यात दोन भाषा शिरतात
आणि धक्का न लागता बाहेर पडतात.
खरं दोन्हींना सारखी आच लागलेली असते.
इथं एक भाग तापलेला, एक थंड,
मधे बोट जाईल एवढं ब्लोहोल.

हे सगळं मी तिला सांगितलं,
दुसऱ्या गेटापर्यंत, चालत.
गेट पडलेलं होतं.
स्कूटरी, एक ऊसाचा ट्रॅक्टर, कुंद्याची पिशवी सांभाळणारे पाहुणे,
आणि आम्ही.

'नट मला नाही कळला,' ती म्हणाली.
'भूत पण चाललं असतं.
खरं त्या बाईला काही काम का नाही?
चार वर्षं नुसती खिडकीत.
पगार कोण देतंय तिला? भाडं कोण भरतंय?
त्याला खाण दिली, यान दिलं, भूतसुद्धा दिलं,
हिला काय, तर वाट.
भाताचं तुम्हाला आवडलं असणार.
वाढून घेणारी ती होती.'

ती स्टोअर सांभाळते. प्रत्येक बोल्टाची नोंद तिच्या वहीत.
मी तीन तास बघून
हा दोष माझ्या नजरेतून सुटला होता,
ज्या नजरेतून केसाएवढी चीर सुटत नाही.

मग रुळाकडं बघत, सहज विचारल्यासारखं,
'दिवाळीत मी तुम्हाला काहीतरी विचारलेलं.'

मला आठवत होतं. महिना, वार,
तिच्या हातातला चहाचा कागदी कप.
तेव्हाही मी म्हणालो होतो, 'होय, खरं...'
आणि भोंगा झाला होता.

गाडी आली. मालगाडी.
डबे मोजायची मला सवय आहे, त्या दिवशी मोजले नाहीत.
मी काहीतरी बोललो.
मोठ्यानं बोललो असेन, कारण पाहुण्यांनी वळून पाहिलं.
तिच्यापर्यंत पोचलं की नाही, सांगता येत नाही.

गेट उघडलं.
ती दोन पावलं पुढं गेली, थांबली,
आणि ओढणी खांद्यावर घेत म्हणाली,
'परत सांगा.
तो शब्द सोडून.'