प फ ब भ म

पौषातल्या एका सकाळी चूळ भरली
आणि पाणी डाव्या कोपऱ्यातून परस्पर निघून गेलं,
निरोपही न घेता.
आरशात अर्धी मी होते.
उरलेली कुणीतरी घाईत बसवून दिलेली.

रामबागेत बातमी पोह्यांच्या वासाआधी पोचते.
कुणी म्हणालं गार हवा लागली, कुणी म्हणालं नजर.
समोरच्या चौरसियाभाभींनी देवीची एक बावडी सुचवली, "नहा आओ, दीदी."
डॉक्टर म्हणाले, नस सुजलीय.
गोळ्या सात दिवस.
मग रोज आरशासमोर हसायचं, वीस वेळा.
कारण असो नसो.

बत्तीस वर्षं मी पहिलीचा वर्ग घेतला.
प से पतंग, फ से फल.
म शी आलं की चाळीस पोरांचे ओठ एकदम मिटायचे,
दुपारी बाजारातली शटरं पडावीत तसे.
ही पाच अक्षरं ओठांची, सांगायचे मी,
फुकट मिळालीत, नीट वापरा.
आता तीच पाच माझ्या तोंडून
फुटक्या फुग्यातल्या हवेसारखी.

पुण्याहून नणंदेचा फोन. कशी आहेस?
बरी आहे, म्हणायचं होतं.
"वरी आहे," निघालं.
ती म्हणाली, पॉझिटिव्ह राहा गं.
मी हो म्हटलं.
हो म्हणायला ओठ मिटावे लागत नाहीत.

तिच्याच आग्रहाने ध्यानाच्या वर्गाला गेले.
डोळे मिटा, म्हणाले.
उजवा मिटला.
डावा शेवटच्या बाकावरच्या पोरासारखा, उघडाच.
एक डोळा ध्यानात, एक डोळा इंदुरात.
त्या डोळ्याने पाहिलं:
गुरुजींच्या पायमोज्याला भोक,
खिडकीशी एक मुलगी रडतेय, आवाज न करता,
आणि शेजारचा म्हातारा आपली शाल
तसूतसूने तिच्याकडे सरकवतोय.
म्हणजे आणखी एकाचे डोळे उघडे होते.
घरी येताना वाटलं,
न मिटणाऱ्या डोळ्याचंही काही ध्यान असेल.

रात्री त्याच्यावर चिकटपट्टी लावायच्या आधी
आईच्या सवयीने नाव घ्यायचे.
रा सहज यायचा, तो जिभेचा.
अडायचं म पाशी.
मग तर्जनीने खालचा ओठ वर ढकलायचा,
फुगलेलं दार लावावं तसा.
एकशे आठ कुठले, अकरा जमायचे.
देवाला नाव मिटलेलं हवं की उघडं चालतं,
विचारायला सवड नव्हती, बोट दुखायचं.
पण त्या अकरांत
उद्याचं काय, हे शिरायला जागाच उरायची नाही.

नस रोज एक मिलिमीटर वाढते,
फिजिओवाली राजोरिया सांगायची.
जुन्या कंपासपेटीतली पट्टी काढून
मी तो मिलिमीटर पाहिला.
एवढासा.
पहिलीतली पोरं याच वेगाने शिकतात.

माघ सरता सरता कचरागाडी एकदा लवकर आली,
गाणं वाजवत वळणावर गेलीसुद्धा.
एका हातात ओला डबा, एका हातात सुका,
मी जिन्यातूनच ओरडले: थांबा!

गाडी थांबली.
"आराम से, माताजी," ड्रायव्हर म्हणाला.
मी तिथेच, डबे धरून.
थांबा.
म आणि ब, एकाच शब्दात दोघे,
आणि दोन्ही हात भरलेले.

गोळ्यांनी, की मिलिमीटरने, की अकरांनी?
पहिलीत मी कधी विचारलं नाही
कुणाचं अक्षर कुठल्या दिवशी वळणावर आलं.
त्या दिवसाचे वीस राहिलेच,
एकदाच हसले, वाकडं, कचरागाडीकडे बघून.

वर येऊन नणंदेला फोन लावला.
ती उचलेपर्यंत म्हणून पाहिलं,
एकदा बरी,
एकदा वरी.