वगळलेल्या बाबी

डुलुथला फेब्रुवारीत सरोवर बोलत नाही,
बर्फाखाली नुसतं कण्हतं.
त्या सकाळी मी लुथेरन चर्चच्या तळघरात उतरलो,
हातात मोजपट्टी, बगलेत विमा कंपनीचा फॉर्म,
अकरा पानांचा.

आइली कांगस दार उघडता उघडताच म्हणाली,
"बूट काढू नका, फरशी चावते."
गळ्यात किल्ल्या,
खिशात कुणाच्यातरी कवळीची डबी.

मी मोजत गेलो.
खाटा बेचाळीस. बाहेर पडायची दारं दोन,
पैकी एकापुढे बटाट्यांची पोती.
धुराचे भोंगे सहा; एकाची बॅटरी
कुणीतरी रेडिओत घातलेली.
पायऱ्या चौदा. नवव्या पायरीवर
डिसेंबरात स्वयंसेवक टोरवाल्ड लिंडग्रेन घसरला,
हातात सुपाचं पातेलं.
खुबा मोडला, पातेलं सोडलं नाही.
दाव्याच्या कागदात पातेल्याला जागा नसते.
तिथे तारीख, रक्कम,
आणि दोष कुणाचा.

पान चार: इथे झोपणाऱ्यांचा कायमचा पत्ता?
आइलीने माझ्याकडे पाहिलं, मी फॉर्मकडे.
रकाना रिकामा ठेवला
तर संगणक पुढे सरकू देत नाही.
"चर्चचाच लिहा," ती म्हणाली.
लिहिला. बेचाळीस वेळा.

पान सात: वगळलेल्या बाबी.
युद्ध. गंज. उंदीर. देवाची करणी.
मी हे मोठ्याने वाचलं तेव्हा
वर, डोक्यावरच्या मजल्यावर
कुणीतरी ऑर्गनचे सूर जुळवत होतं.
"देवाच्याच घरात?" आइली म्हणाली.
मग तिला खोकला आला, की हसू, कळलं नाही.

कोपऱ्यातून व्हर्लिन उठला,
कधीकाळी लोहखनिजाच्या बोटींवरचा आचारी.
"साहेब, माझी किंमत किती लावली?"
माणसांची नाही लावत, मी म्हटलं, जोखमीची.
त्याने खिडकीकडे मान वळवली.
काचेवर आतून बर्फ. बाहेर उणे एकोणतीस.
"ती किती धरली?"
बाहेरच्या रात्रीचं कलम
माझ्याकडे नव्हतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
इथे पायांच्या बेचाळीस जोड्या,
आणि कंपनीच्या कोष्टकाप्रमाणे अंथरुणं एकतीस.
वरचे अकरा कोण,
हे कोष्टक सांगत नाही. ते आइलीने सांगायचं,
रात्री आठला, दारात उभं राहून.

मी पेन खिशात ठेवलं.
व्हर्लिन आणि मी पोती हलवली, एकूण एकोणीस,
एक फुटलं, बटाटे खाटांखाली गेले
आणि झोपलेली माणसं उठून ते शोधू लागली.
रेडिओ मुका झाला, सहावा भोंगा किंचाळला.
दारं दोन, दोन्ही मोकळी: असं लिहिलं.
कोष्टक अडतीसवर आलं.

राहिले चार.

"झोपणार नाहीत ते," आइली म्हणाली.
"पाळीपाळीने चौघं जागे राहतील.
जागणाऱ्यांचा रकाना आहे?"
होता. पान दहा, रात्रपाळीचे कर्मचारी.
पण मग त्यांचा विमा वेगळा, मी म्हटलं,
हप्ता आणखी चढेल.
ती बराच वेळ किल्ल्या मोजत राहिली.
"मे महिन्यात केक विकू," म्हणाली. "खूप केक."

व्हर्लिनने पहिलं नाव दिलं.
पद: पहारेकरी. जन्मतारीख: अंदाजे.
मग वारसाचं नाव.
त्याने पेन धरून ठेवलं,
शाई कागदावर एका जागी फुगत गेली.
"हा रिकामा ठेवता येतो का?"
येतो, मी म्हटलं.
तेवढा एकच.