आधी दाबायचं

देवासचा माणूस अकराला येणार होता गाडी बघायला.
साडेनऊला श्रीरंगनं बॉनेटचा खटका ओढला
आणि तो हातातच आला,
दुधाच्या दातासारखा,
मागे दोन बोटं तार, टोकाला फुललेली.

मी जिन्यातून बघत होते.
परवा रात्रीपासून आम्ही बोलत नव्हतो.

सुखलियातल्या आमच्या गल्लीत
रविवारी सकाळी कुणाचं काही अडलं
की पोह्यांच्या पुड्या हातात घेऊन माणसं जमतात.
जमली.
एकानं पत्र्यावर गुद्दा घातला,
एकानं जाळीतून पेचकस,
चौकसेकाका म्हणाले, "भिया, ये तो अब कटेगा."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?
कापलेली गाडी कोण घेतं?

बावन्नाव्या वर्षी मी याच झेनवर शिकले.
पहाटे, बायपासला,
क्लच सुटायचा, गाडी बंद, मागे ट्रक बोंबलतोय.
तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा स्टिअरिंगवर हात ठेवून
मी तिला काहीतरी म्हटलं होतं.
श्रीरंगला ते ठाऊक नाही.
त्याला ॲव्हरेज ठाऊक आहे.

मुस्तकीमला फोन लावला.
तो खजरान्यात, भाच्याच्या निकाहात,
मागे देगांचा खणखणाट.
"आत तार उरलीये ना साहब? पकड़ से पकड़ो.
और भाभीजी को बोलो, ऊपर से दबाएँ.
खाली खींचने से नहीं खुलता,
वजन बैठा है कुंडी पे. पहले दबाओ."

फोन स्पीकरवर होता.
सगळे माझ्याकडे वळले, श्रीरंग सोडून.
तो आत शिरला, पाय दाराबाहेर, डोकं डॅशबोर्डखाली,
आणि तिथून, अंधारातून, म्हणाला:
दाब.

कुठे दाबायचं ते मला माहीत होतं.
बिल्ल्याच्या डावीकडे चार बोटं;
पाणी बघून झालं की तिथं थाप मारून मी बॉनेट लावते,
तिथला पत्रा जरा ऐकतो.
दोन्ही तळवे ठेवले.

ओढ.
थांब, सुटली. परत दाब.
दाबलंय.
अगं सगळं अंग टाक.
टाकलंय! तू ओढ ना.
ओढतोय

खट्.

बॉनेट अर्धा इंच वर आलं आणि थांबलं.
आत अजून एक आकडा असतो.
तो दिसत नाही, बोटांनी चाचपून सरकवावा लागतो.
पोह्यांच्या तेलकट बोटांना तो सापडेना.
मी सरकवला.

बॅटरीशेजारी उंदराचं घरटं.
शेवेच्या पुडीच्या चिंध्या, फोम,
माझ्या हरवलेल्या हिरव्या फडक्याचा दोरा न् दोरा.
पिल्लं नव्हती. मोठी होऊन गेली असणार.
आणि एक दहा-बाराचा पाना,
कुणा मेकॅनिकनं कधीतरी विसरलेला,
ओंकारेश्वरला जाऊन आलेला, दोनदा नागपूरला,
कुठंही न पडता.
चौकसेकाकांनी तो उजेडात धरला,
उलटसुलट बघितला
आणि स्वतःच्या खिशात टाकला.

श्रीरंग हात धुवायला वर गेला.
नवी केबल सोमवारी; सियागंज आज बंद.
मी फोटो टांगायची तार आणली,
कुंडीच्या जिभेला दोन वेढे दिले,
जाळीतून फासा बाहेर काढून
बंपरच्या मागे, बोटालाच कळेल असा, दडवला.
बॉनेट लावलं. थाप.

गल्ली पांगली होती.

अकराला नाही, पावणेबाराला आला देवासचा माणूस.
टायरांना पायानं ढोसलं,
दारं दोन-दोनदा आपटली,
काचेत स्वतःचे केस नीट केले.
मग म्हणाला, "बोनट खोलो."

श्रीरंगनं आत हात घातला, सवयीनं,
गुडघ्यापाशी, जिथं आता काही नाही.
हात तसाच राहिला थोडा वेळ.
मग तो बाहेर आला
आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

उन्हात पत्रा आता चांगलाच तापला होता.