चौथा दिवस

साखर सोडून आज चौथा दिवस.
डाव्या भुवईमागे कुणी खुंटी ठोकतंय,
सावकाश, घाई नसल्यासारखं.

आडगावच्या पॅकहाऊसमध्ये
माझं काम गोडी मोजायचं:
मणी चिरडायचा, थेंब काचेवर,
डोळा उजेडाकडे.
सतरा. साडेसतरा. अठरा.
आकडा वहीत, बोट फडक्याला.

कालपर्यंत बोट तोंडात जायचं.

दहाच्या चहाला रखमाजीने विचारलंही नाही,
बिनसाखरेचा कप पुढे सरकवला.
त्याला कुणी सांगितलं?
जिना चढताना गुडघ्यांतलं कुणीतरी
रजेवर गेल्यासारखं,
आणि पुष्पलता म्हणते, चेहरा उतरलाय,
भांडण झालं का घरी?

भांडण नाही गं.
तीन चमचे, दिवसातून पाचदा,
बावीस वर्षांचा शेजार.
जाताना दार आपटणारच.

संध्याकाळी निमाणीला बस बदलताना
मिसळीच्या दुकानातून जिलबीचा वास आला.
थांबले.
कपाळ दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं,
पेटीचं झाकण धरतो तसं,
टेप चिकटेपर्यंत.

मग सिडकोची बस, उभ्यानेच.

रात्री आमटी चाखली
तर कांदा गोड लागला.
पुन्हा चाखला.
साडेनऊ. दहा असेल.