मुंग्यांनी आधी सांगितलं

मोरीच्या मागं, भिंतीशी,
जिथं मी रात्री-बेरात्री उठून जातो,
तिथं पहाटे मुंग्या जमल्या होत्या.
लाल, बारीक,
रेशनच्या दुकानापुढं थांबावं तशा ओळीत.
बेबीनंदानं दोन दिवस पाहिलं.
तिसऱ्या दिवशी चहात साखर टाकली नाही,
म्हणाली, "दारव्ह्याले जाऊन रगत दाखवा."

लॅबवाल्या पोरानं दोनशे ऐंशी लिहिलं
आणि दीडशे रुपये घेतले.
मुंग्यांनी फुकटात सांगितलं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी
पांदणीनं कालव्याच्या पुलापर्यंत, आणि परत.
पायात पोराचे जुने बूट,
हातात काठी, कुत्र्यांसाठी.
पहिले आठ दिवस नुसता स्वतःचा दम ऐकला.
नवव्या दिवशी खाली पाहिलं.

धुऱ्यावर, तुरीच्या कडेला,
काळ्या मातीचं एक फूल.
म्हणजे तसं दिसलं: पाकळीत पाकळी,
कडा उचललेल्या, मधोमध भोक,
कोणी बोटाच्या पेरानं लिंपत बसल्यासारखं.
बाजूला टरफलांचा ढीग,
मारवेलीची, कुसळीची,
खळं उपणताना कोंडा
वाऱ्याच्या अंगाला पडतो तसा.

एक मुंगी, तिच्या चौपट बी.
उलटी चालत, ओढत,
कडेवरून घसरली, बी सुटलं,
पुन्हा शोधलं.

एकतीस वर्षं मी जिनिंगच्या काट्यावर होतो.
गाडी चढली की वजन मला डोळ्यानंच कळायचं.
मुंगीचं काही कळेना.

"काय पायता काका? पैसे सांडले का?"
झनक आडे, मोटर सुरू करायला निघालेला.
गाडी उभी करून तोही वाकला.
"पावडर आनू का दुकानातून? चिमूटभर टाकली का साफ."
नको, म्हणालो. नको नको.
इतक्या घाईनं मी कधी
कोणाची बाजू घेतली नव्हती.

मग एकदा माझ्या वाट्याची साखर नेली,
दोन चमचे, कॅलेंडरच्या कागदात.
दाराशी ठेवली.
एकीनं मिशा लावून पाहिलं,
वळसा घातला,
आणि गवताच्या बीकडे गेली.
मी कागद झटकून खिशात ठेवला.
थोडा रागही आला, खोटं कशाला सांगू.

आता मोरीमागची भिंत कोरडी असते.
बेबीनंदा म्हणते, बरं झालं.
मी तरी रोज वाकून पाहतो,
चिठ्ठी यायची बंद झाल्यावर
माणूस पेटी उघडून पाहतो तसा.

कार्तिकात एका रात्री भलतंच पाणी आलं.
सकाळी बूट चिखलात रुतत होते.
फुलाच्या पाकळ्या बसल्या होत्या,
आणि भोकातून मुंग्या
सगळं बी बाहेर काढत होत्या.
एकेक दाणा, ओला, फुगलेला,
उन्हाच्या पट्ट्यात आणून ठेवत होत्या.
ऊन सरकलं की दाणे सरकवत होत्या.
मी पुलापर्यंत गेलो नाही.
तिथंच बसलो, दहा वाजले असतील.
वाळलेला दाणा परत आत जात होता,
जेवढा बाहेर आला होता तेवढाच.

गुंफाबाई मडावी.
नाव असं अचानक येतं.
बैलगाडी, वर ओला कापूस,
मी मुठीत दाबून पाहिला
आणि ओलीचे चार किलो कापले.
तेवढे कापायला सांगितलेलं होतं.
ती म्हणाली होती,
"वायत घालू द्या न भाऊ, मी बसतो इथंच."
मी म्हणालो होतो, जागा नाही.

जागा होती.
काट्यापासून फाटकापर्यंत
सगळं मैदान होतं,
आणि त्यावर ऊन पडलेलं होतं.